जुन्या हार्मनी गिटारची नेक वाळवीने खाल्लीय, बदलावी का आणि कशी?

सावनी_संगमेश्वर

नमस्कार मंडळी, गिटारच्या जाणकारांची मदत हवी आहे. थोडं लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून.

माझे मोठे काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी साठच्या दशकात अमेरिकेतून एक अकूस्टिक गिटार आणली होती. हार्मनी सॉव्हरिन. भोकातून टॉर्च मारला तर आत मागच्या पाटीवर शिक्का दिसतो, आधी काही आकडे मग एच आणि मग १२६०, आणि बाजूला वेगळा एक शिक्का एफ-६७ असा. काका गेल्यानंतर ती गावच्या घरी माळ्यावरच राहिली, घर बंद असायचं, आणि ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती, पेटी नव्हती नुसती खोळ. या मे महिन्यात घर उघडलं तेव्हा भिंतीवरून मातीच्या नळ्या थेट गिटारच्या हेडपर्यंत आलेल्या. बॉडी बाहेरून बघता धडधाकट आहे, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागे वरची पाटी जराशी फुगलीय एवढंच. पण नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागे पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) मध्ये अंगठ्याने दाबलं तर लाकूड आत जातं. नेक जिथे बॉडीला मिळते तिथे फटही आहे, पोस्टकार्ड जाईल एवढी.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवली तर तो म्हणाला जुनी नेक करवतीने बॉडीलगत कापून टाकू आणि नव्या स्वस्तातल्या गिटारची नेक काढून स्क्रूने बसवून देतो, दोन दिवसांचं काम. मला ते ऐकूनच कसंतरी झालं म्हणून गिटार परत घेऊन आले. आता पुण्यात माझ्याकडे आहे.

तर नेक वाचेल का, की बदलावीच लागेल? बदलायची तर लाकूड कुठलं, करणार कोण, आणि या गिटारवर एवढा खर्च करणं योग्य आहे का? काकू म्हणते वाजायला हवी, शोकेसमध्ये नको. मलाही वाजवायचीच आहे.

रंधा

सावनीताई, सगळ्यात आधी, ती कापू दिली नाहीत हे फार मोठं काम केलंत. त्या गिटारमध्ये आत्ता जे काही वाचण्यासारखं आहे ते सगळं त्या एका कापाने गेलं असतं. का ते सांगतो.

हार्मनीची ही सॉव्हरिन शिकागोत बनलेली, वरची पाटी अख्ख्या स्प्रूसची, मागची आणि बाजूच्या अख्ख्या मेहॉगनीच्या, प्लायवुड नाही. लेड झेपलिन या रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज हेच मॉडेल वापरायचा. नेक बॉडीला डव्हटेलने बसवलेली असते, म्हणजे हीलच्या (नेकचा बॉडीला टेकणारा जाड बुंधा) मागे खालच्या दिशेने निमुळती होत गेलेली लाकडी पाचर आणि बॉडीच्या आतल्या ठोकळ्यात तिच्या मापाची खाच, आणि त्या काळच्या बऱ्याच गिटारींना हा सांधा सरसाने चिकटवायचे. सरस गरम आणि ओला झाला की सुटतो. सांधा उघडता यावा अशीच ती रचना आहे, त्यामुळे खराब नेक काढण्यासाठी करवत लागतच नाही, वाफ लागते.

आणि दुसऱ्या गिटारची नेक का चालत नाही ते तर साधं गणित आहे. ब्रिज बॉडीवर पक्का चिकटलेला आहे, तो एका ठराविक स्केलसाठी, म्हणजे नट (हेडजवळची तारा टेकायची पट्टी) ते सॅडल (ब्रिजवरची तशीच पट्टी) या तारेच्या लांबीसाठी लावलेला आहे. समजा तुमची गिटार ६३५ मि.मी. स्केलची असली आणि त्यावर ६५० मि.मी. स्केलची नेक लावली तर चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचं अंतर जवळजवळ ७ मि.मी. चुकतं. मग उघड्या तारा कितीही नीट सुरात लावा, वर जाल तसतसा प्रत्येक सूर बेसूर होत जाणार आणि त्यावर इलाज नाही, ब्रिज उपटून सरकवावा लागेल. म्हणजे नेकपायी बॉडी पण खराब. तुमचं खरं स्केल काढायला नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. सॅडलपर्यंत मोजू नका, तिथे थोडं जास्तीचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं.

आता नेक वाचेल का. नुसती भेग असती, हेड तुटलेलं असतं, नेकला पीळ बसला असता तर मी म्हटलं असतं बदलायचं नावही काढू नका, कारण तुटलेलं लाकूड सगळं जाग्यावर असेल तर ते परत चिकटतं आणि चांगलं चिकटतं. वाळवीचं वेगळं. तिथे लाकूडच उरलेलं नसतं. तरी निर्णय घ्यायच्या आधी तीन-चार गोष्टी बघून सांगा.

एक दाभण घ्या, बारीक टोकाचं, आणि नेकच्या मागच्या बाजूने हलकेच टोचत जा, हेडपासून हीलपर्यंत. कुठे घुसतं कुठे नाही ते पेन्सिलीने मार्क करा. हेड आणि नटच्या मागचा भाग नीट बघा, तिथे ट्रस रॉडसाठी (नेक सरळ ठेवणारी आतली धातूची सळई) आधीच लाकूड कोरलेलं असतं म्हणून ती जागा मुळातच बारीक. मग सगळ्यात महत्त्वाचं, भोकातून मोबाईल आत घालून वरच्या बाजूचा फोटो घ्या, म्हणजे नेक जिथे येऊन मिळते तो आतला ठोकळा. वाळवी नेकमधून हीलमध्ये आणि हीलमधून ठोकळ्यात गेली असेल तर काम दुप्पट होतं. नेक नवी करता येते पण ठोकळा कुजका असला तर त्यात डव्हटेल धरणारच नाही.

आणि कृपा करून आत कुठलंही पेस्ट कंट्रोलचं तेलकट औषध फवारू नका. लाकडात तेल मुरलं की त्यावर कुठलाच ग्लू धरत नाही. मातीच्या नळ्या होत्या म्हणजे ही जमिनीतून येणारी वाळवी, तिचा मातीशी संबंध तुटला आणि लाकूड कोरडं पडलं की ती जगत नाही. मात्र गिटार हलवल्यावर बारीक वाळूच्या दाण्यासारखा भुसा पडत असेल तर सांगा, ती सुक्या लाकडात राहणारी वेगळी जात, ती माती नसली तरी आत जिवंत राहते.

ठाणे_स्ट्रमर

मी थोडं वेगळं मत मांडतो. डव्हटेल बिव्हटेल आता कुणाला येतं इथे? चांगला सुतार पण बघून घाबरेल. त्यापेक्षा नवी नेक करताना सरळ बोल्ट-ऑन करून टाका, ठोकळ्यातून दोन बोल्ट आणि हीलमध्ये थ्रेडेड इन्सर्ट (बोल्ट फिरवायची आट्यांची धातूची नळी), पुढे कधी अँगल बिघडला तर पाना घेऊन अर्ध्या तासात नेक हातात. टेलर कंपनीच्या गिटारी सत्तरच्या दशकापासून बोल्टवाल्या नेकच्या आहेत आणि त्यांना कुणी आवाज वाईट म्हणत नाही. जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे पण ही काय मार्टिन नाहीये की ओरिजिनल सांध्यासाठी कलेक्टर रांग लावतील.

रंधा

बोल्टला माझा विरोध नाही, आणि आवाजाचा मुद्दा तुम्ही म्हणता तो बरोबरच आहे, सांधा घट्ट असेल तर बोल्ट की डव्हटेल हे कानाला कळणं कठीण. पण बोल्टसाठी आत पुरेसा जाड आणि निरोगी ठोकळा हवा, आणि असलेली डव्हटेलची खाच आधी लाकूड भरून सपाट करावी लागते, म्हणजे परत सरळ मॉर्टिस (सरळ बाजूंची खाच) कोरायची. ते कामही डव्हटेलएवढंच काटेकोर आहे. बोल्ट सांधा ओढून धरतो, पण चुकीच्या कोनात कापलेली हील बोल्टने सरळ होत नाही. ज्याला हीलचा कोन नीट काढता येतो त्याला डव्हटेलही बसवता येते.

ठोकळा चांगला निघाला तर डव्हटेल ठेवावी असं माझं ठाम मत आहे, ज्या बॉडीत खाच अजून शाबूत आहे ती उगाच का भरायची. ठोकळा खराब निघाला तर मात्र नवा ठोकळा आणि बोल्ट, तिथे तुमच्याशी सहमत.

जर्सीकाठी

एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्याकडे हेच मॉडेल आहे म्हणून राहवलं नाही.

सावनी, तुझ्यासाठी एक सोपा रस्ता असू शकतो. हार्मनी कंपनी १९१६ मध्ये सीअर्सने विकत घेतली होती आणि सीअर्स कॅटलॉगमधून घरोघरी गिटारी जायच्या, एके काळी अमेरिकेतली सगळ्यात जास्त गिटारी बनवणारी कंपनी हीच होती. १९७५ ला बंद पडली पण इतका माल बनवून ठेवलाय की आजही फुटक्या बॉडीच्या, पाटी फाटलेल्या सॉव्हरिन इकडे सुटे भाग म्हणून विकायला येतात. अशा गिटारची चांगली नेक मिळाली तर तीच कारखान्याची, तीच जाडी, तेच हेड, तेच स्केल. मी माझ्या गिटारसाठी अशीच नेक घेतली, माझीची हील मधोमध फुटली होती आणि आधीच्या कुणीतरी त्यात इपॉक्सी ओतून वर स्क्रू मारले होते.

दोन गोष्टी लक्षात ठेव. एक म्हणजे मॉडेल तेच असलं तरी डव्हटेल जशीच्या तशी बसत नाही, ती कारखान्यात प्रत्येक गिटारला हाताने जुळवलेली असायची, त्यामुळे कुठे पातळ लाकडाची चकती चिकटवायची कुठे खरवडायचं हे करावंच लागतं. दुसरं म्हणजे फिंगरबोर्डचं लाकूड. साठच्या दशकातल्या अमेरिकन गिटारींवर ब्राझिलियन रोझवुड असू शकतं आणि ते साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे १९९२ पासून. २०१९ च्या शेवटी बाकीच्या रोझवुडच्या तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना जी सूट मिळाली ती ब्राझिलियनला लागू नाही. तेव्हा इकडून नेक मागवायची तर विकणाऱ्याला आधी स्पष्ट विचार, किंवा फिंगरबोर्ड काढून नुसती मेहॉगनीची नेक पाठवायला सांग, तुझा फिंगरबोर्ड तर तुझ्याकडे आहेच.

पैशाचं विचारलंस म्हणून, चांगल्या अवस्थेतली ही गिटार इकडे काही शे डॉलरना जाते, काही हजारांना नाही. हाताने नवी नेक बनवून घ्यायचा खर्च तिच्या बाजारभावाला गाठू शकतो. विकायची असती तर नको म्हटलं असतं. तुला वाजवायची आहे, काकांची आहे, मग जरूर कर. या गिटारचा आवाज, आत सरळ आडव्या पट्ट्यांचं ब्रेसिंग असल्यामुळे, मार्टिनसारखा खोल घुमत नाही पण एकेक सूर सुटा सुटा आणि खणखणीत येतो, फिंगरपिकिंगला मला तो जास्त आवडतो.

मिरजेचा_तारवाला

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम, गिटार आमच्याकडे कधीमधीच येते. पण नेक बदलण्याचं म्हणाल तर आमच्याकडे दांडी बदलणं हे नेहमीचंच काम आहे म्हणून लिहितो.

सतार प्रवासात पडली की बहुतेक वेळा गुलूपाशी तुटते, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे जोडतात तिथे. मग आम्ही सांधा गरम करून उकलतो, दांडी दुरुस्त होणारी असेल तर आतून लाकूड घालून दुरुस्त करतो, नाहीतर नवी बनवतो. भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) मात्र जिवापाड जपतो कारण आवाज तिथे मुरलेला असतो, तीस-चाळीस वर्षं वाजलेली तबली नवीन करून मिळत नाही. दांडी नवी केली आणि तबली जुनी ठेवली तर वाजवणारा आपलं वाद्य डोळे मिटून ओळखतो. तुमच्या गिटारचंही तेच, वरची पाटी नीट आहे ना, मग घाबरू नका.

लाकडाचं विचारलंत. आम्ही तून वापरतो. तून आणि मेहॉगनी एकाच कुळातली झाडं आहेत, कडुनिंब पण त्यातलाच. जुनं, वर्षानुवर्षं सावलीत वाळलेलं तून हलकं असतं, वळत नाही, सरस छान पितं. मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून वाद्यं करायला घेतली तेव्हापासून इथे तूनच चालत आलंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, त्यानंतर बाहेरची चौकशी वाढलीय पण जुनं लाकूड कमी होत चाललंय, ते जपूनच वापरतो आम्ही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, गिटारच्या स्टीलच्या तारांचा ताण आमच्या वाद्यांपेक्षा खूप जास्त, त्याला तून एकटं पुरेल का याचं उत्तर रंधा साहेबांनी द्यावं.

रंधा

साहेब वगैरे काही नाही हो, तुम्ही लोक रोज करता ते काम मी सुट्टीच्या दिवशी करतो.

लाइट गेजच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोच्या आसपास ओढतात, आणि तो ताण दिवसरात्र असतो. तून मेहॉगनीपेक्षा मऊ आहे. पण नेकचा ताण सगळा लाकडावर नसतो, आत ट्रस रॉड असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवल्या तर जुन्या वाळलेल्या तूनची नेक उत्तम उभी राहील असं मला वाटतं. मेहॉगनी मिळाली तर पहिली पसंती तीच. सागवान सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं कारण कोकणात जुन्या घरांचं सोनं सागवानाचंच, पण साग तेलकट, चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसून लगेच जोडावं लागतं, वजनही जास्त, नेक जड झाली की गिटार मांडीवर पुढे झुकते. कुठलंही लाकूड घ्या, रेषा नेकच्या लांबीला समांतर हव्यात आणि टोकाकडून बघितलं तर वलयं फिंगरबोर्डला उभी हवीत. हेडजवळ रेषा तिरक्या सुटल्या तर तिथेच मोडणार, मग लाकूड कितीही महाग असो.

सावनीताई, दाभणाचं काय झालं?

सावनी_संगमेश्वर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

दाभण तिसऱ्या फ्रेटपासून अकराव्यापर्यंत सरळ आत जातं, काही ठिकाणी तर फिंगरबोर्डच्या खालच्या बाजूला जाऊन थांबतं, म्हणजे मधलं लाकूड जवळजवळ पोकळ आहे. हेड आणि नटच्या मागची बाजू घट्ट आहे, नळ्या हेडवरून नुसत्या गेल्या होत्या असं दिसतंय. हीलचा खालचा अर्धा भाग घट्ट, वरच्या भागात एका बाजूने दाभण थोडं जातं. फिंगरबोर्डला काहीच झालेलं नाही, एक फ्रेट वर आलाय फक्त. भुसा पडत नाही, मी दोन दिवस पांढऱ्या कागदावर ठेवून बघितली.

ठोकळ्याचा फोटो घेतला, त्यावर मातीचा एक ओघळ होता, तो ब्रशने काढल्यावर खाली लाकूड नीट दिसलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून बघितलं, टणक आवाज येतो. बाजूच्या पाट्यांचा आवाज पण नीट आहे.

नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं माप स्टीलच्या पट्टीने घेतलंय, रंधांना व्यक्तिगत निरोपात पाठवते म्हणजे काही चुकलं तर परत मोजता येईल. बाकी हेड चांगलं आहे तर ते ठेवून फक्त मधली नेक बदलता येईल का? त्यावर हार्मनीचं नाव आहे, ते जावं असं वाटत नाही.

ठाणे_स्ट्रमर

ठोकळा चांगला आहे म्हणजे माझा बोल्टचा मुद्दा मागे घेतो, डव्हटेलच ठेवा. हेडचा प्रश्न भारी आहे, उत्तर वाचायला थांबलोय.

रंधा

ताई, तुम्ही कळवलंय त्यावरून माझं मत आता पक्कं झालं, ही नेक बदलायचीच. तिसरा ते अकरावा फ्रेट म्हणजे ज्या भागाला तार वाकवते तोच भाग पोकळ आहे. पातळ इपॉक्सी पाजून टणक करता येतं असं कुणी सांगेल, दिसायला होतंही, पण पोकळीत भरलेली इपॉक्सी ताणाखाली हळूहळू सरकते आणि उन्हाळ्यात गाडीत गिटार राहिली तर अजूनच. शिवाय पुढे कधी कुणाला ती उघडायची झाली तर त्याचे हाल.

हेड ठेवता येतं, आणि ठेवावंच. नटच्या खाली लांब तिरका काप घेऊन जुनं हेड नव्या दांड्याला जोडायचं, स्कार्फ जॉइंट म्हणतात, सांध्याची लांबी जास्त असली की चिकटायला जागा भरपूर मिळते आणि वरून फिंगरबोर्ड आणि हेडची वरची पातळ पाटी तो सांधा झाकते. कितीतरी कारखान्यात नव्या नेकही अशाच दोन तुकड्यांच्या बनवतात, त्यात कमीपणा काही नाही. जर्सीकरांच्या रस्त्याने अख्खी हार्मनीची नेक मिळाली तर हा उपद्‌व्यापच नको. मी म्हणेन महिना-दोन महिने तशी नेक शोधा, नाही मिळाली तर मिरजेचं लाकूड.

काम कसं होतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे कुणाकडेही दिलंत तरी काय विचारायचं ते कळेल. या गिटारची नेक चौदाव्या फ्रेटला बॉडीला मिळते. आधी बॉडीवर आलेला फिंगरबोर्डचा भाग कपड्यांच्या इस्त्रीने हळूहळू गरम करून पातळ सुरीने सोडवायचा, ठिपके प्लॅस्टिकचे असले तर त्यांच्यावर इस्त्री थांबवायची नाही, आकसतात. मग पंधरावा फ्रेट काढून त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडायचं, ते डव्हटेलच्या पुढच्या पोकळीत उतरतं. त्यातून वाफ सोडायची. साधनं नसतील तर प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी उष्णता सोसणारी नळी आणि पुढे फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई, जगभर बरेच लुथियर, म्हणजे गिटारीचे कारागीर, हेच करतात, फक्त सुई तुंबू देऊ नका आणि कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे ना ते आधी बघा, वाफेने भाजलेलं फार वाईट. सरस ६०-६५ अंशांच्या पुढे ओलाव्यात मऊ पडतो, मग खालून हीलवर शिकंज्याने हळू दाब देत नेक वर सरकते. बाहेर पडणारी वाफ लगेच पुसायची, नाहीतर जुन्या लॅकरवर पांढरा डाग उठतो. आणि मग नेक बाजूला ठेवून बॉडी चांगली आठवडाभर सुकू द्यायची. घाई करणारा कारागीर इथेच ओळखू येतो.

नेक काढल्यावर फिंगरबोर्ड तिच्यावरून सोडवून नव्या नेकवर घ्यायचा. स्केलचा प्रश्नच उरत नाही कारण फ्रेटच्या खाचा त्याच. नवा फिंगरबोर्ड करायची वेळ आलीच तर स्केलला १७.८१७ ने भागायचं, तो नटपासून पहिला फ्रेट, उरलेल्या लांबीला परत तेवढ्यानेच भागायचं की दुसरा, असं पुढे.

आता खरं कौशल्य, हीलचा कोन. ब्रिजमागे पाटी फुगलीय म्हणालात, म्हणजे जुन्या कोनानेच नवी नेक बसवली तर तारा वरच राहतील. फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवली की तिचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. समजा ते ३ मि.मी. खाली येतंय. हील ९० मि.मी. लांब आणि बॉडीपासून सॅडल साधारण २८७ मि.मी. असलं तर ३ गुणिले ९० भागिले २८७, म्हणजे हीलच्या टोकाशी एक मिलिमीटरसुद्धा पूर्ण काढायचं नाही, आणि वर फिंगरबोर्डपाशी शून्य. एवढ्या बारीक कामाला पटाशी आणि मग हील-बॉडीच्या मध्ये सॅंडपेपरची पट्टी घालून ओढणं. दर वेळी नटपासून ब्रिजपर्यंत दोरा ताणून नेक डावीउजवीकडे गेली नाही ना ते बघायचं. डव्हटेलच्या गालांना खडू लावून बसवून काढली की कुठे लागतंय ते खडूच सांगतो. ग्लू न लावता नेक हाताने बसली आणि हलली नाही, तरच ग्लू लावायचा. आणि ग्लू सरसच. पन्नास वर्षांनी कुणीतरी परत उघडेल तेव्हा त्याला उघडता यावी.

कारागीर निवडताना हेच विचारा: वाफेने नेक काढलीय का आधी, कोन कसा काढता, कुठला ग्लू. इपॉक्सी म्हणाला तर नमस्कार करून निघा. पुण्यात, मुंबईत अशी माणसं आहेत, गोव्यातही हाताने गिटारी बनवणारे लुथियर आहेत, तिकडच्या दमट हवेत काम करत असल्यामुळे पावसाळ्याची त्यांना चांगली समज असते.

मिरजेचा_तारवाला

हेड जोडायचा विचार फार आवडला. ताई, लाकूड लागलं तर माझ्याकडे वडिलांच्या वेळच्या तूनच्या दांड्या आहेत, काही सतारीला आखूड पडल्या म्हणून बाजूला ठेवलेल्या, गिटारला भरपूर होतील. त्यातली रेषा सरळ असलेली बघून ठेवतो. पण एक अट, पावसाळ्यात नेऊ नका. दिवाळीनंतर या, हवा कोरडी झाली की कापा, आणि कापलेला तुकडा तुमच्या पुण्याच्या हवेत काही आठवडे राहू द्या मगच आकार द्या. भर पावसात बनवलेली दांडी मार्चमध्ये हमखास वाकडी होते.

जर्सीकाठी

मी इकडे नेक शोधायला सुरुवात केलीय सावनी, दिवाळीपर्यंत वेळ आहे म्हणजे बरंच झालं. हेडचा समोरून आणि बाजूने फोटो टाक, वेगवेगळ्या वर्षांच्या सॉव्हरिनची हेड आणि झाकणं थोडी वेगळी असतात, जुळणारी बघतो. आणि जुनी नेक काढल्यावर टाकून देऊ नकोस, ट्रस रॉड चांगला असेल तर तो, नट, ट्यूनर सगळं त्यातूनच वापरता येईल.

सावनी_संगमेश्वर

फोटो संध्याकाळी टाकते. तारा सैल करून ठेवल्यात, गिटार कपाटात आडवी, भिंतीपासून लांब, खाली पेपर. काकूला फोनवर सगळं वाचून दाखवलं, तिने विचारलंय की सरस लावल्यावर किती दिवसांनी वाजवता येईल?

रंधा

सरस एका रात्रीत धरतो, पण मी तारा लगेच पूर्ण ताणात लावत नाही. तीन-चार दिवस तसंच, मग आधी सुरापेक्षा एक पट्टी खाली लावायच्या, आठवड्याने अँगल परत तपासायचा आणि मग पूर्ण सुरात. तारा एक्स्ट्रा लाइट घ्या, या आडव्या ब्रेसिंगच्या जुन्या पाटीला तेवढ्या पुरतात. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.४ मि.मी. आणि बारीक तार १.८ च्या आसपास उभी राहिली की काकूंना वाजवायला द्या.